दोन कानांत दोन सूर, आणि मेंदू म्हणे ‘अल्फा’त

परीक्षा जवळ आल्या की एक ऑडिओ ग्रुपांवर फिरायला लागतो. सोबतचा मजकूर साधारण असा: ‘डाव्या कानात २०० हर्ट्झ, उजव्या कानात २१०. मेंदू फरक काढतो आणि १० हर्ट्झच्या अल्फा लहरींवर येतो. पंधरा मिनिटांत एकाग्रता, रात्री गाढ झोप. विज्ञानानं सिद्ध, दुष्परिणाम शून्य.’

‘मेंदू फरक काढतो.’ हे खरं आहे, आणि म्हणूनच पुढचं सगळं खपतं. दोन कानांना किंचित वेगळे सूर दिले की हेलकावणारा आवाज (‘बायनॉरल बीट’) ऐकू येतो, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख डोव्ह यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं होतं. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा पूर्ण जुळत नाहीत तोवर जो हेलकावा येतो, तो हवेतच तयार झालेला असतो. इथे मात्र हवेत काही नसतं. दोन्ही कानांचे संदेश मेंदूच्या तळाशी एकत्र येतात, तिथे तो घडतो. त्यासाठी हेडफोन लागतातच. स्पीकरवर ‘बायनॉरल’ लावून घरभर शांती पसरवणाऱ्यांना मिळतो तो तंबोऱ्याचाच हेलकावा.

‘मेंदू १० हर्ट्झवर येतो.’ गाडी घसरते ती इथे. ऐकू येणं वेगळं, मेंदूतल्या विजेच्या लहरींनी (अल्फा त्यातलाच एक प्रकार) त्या तालावर चालू लागणं वेगळं. २०२३ मध्ये ‘प्लॉस वन’ या संशोधन-नियतकालिकात या लहरी टिपणाऱ्या १४ ईईजी अभ्यासांचा आढावा आला: ५ दाव्याच्या बाजूनं, ८ विरोधात, एक अधांतरी. त्याआधी २०२० मध्ये ‘ई-न्यूरो’ या नियतकालिकातल्या प्रयोगात मेंदूनं ताल धरलेला दिसला खरा, पण दोन सूर आधीच मिसळून ऐकवले तेव्हा जास्त ठळक, आणि दोन कानांत वेगवेगळे दिले तेव्हा फिका. मनःस्थितीत फरक दोन्हींनी पडला नाही. म्हणजे हेडफोनची जी जादू सांगतात, तीच उलटी पडते.

‘अल्फा म्हणजे एकाग्रता.’ जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरींचा पहिला आलेख प्रसिद्ध केला. तेव्हापासून माहीत असलेली गोष्ट: डोळे मिटून निवांत बसलं की अल्फा वाढतात, डोळे उघडून बघायला लागलं की दबतात. त्या निवांतपणाच्या खुणा आहेत, त्याचं बटण नव्हे. आणि अल्फाच हव्या असतील तर डोळे मिटा. अ‍ॅपचं सब्स्क्रिप्शन कशाला?

‘विज्ञानानं सिद्ध.’ न्यायानं सांगायचं तर सगळंच पोकळ नाही. शस्त्रक्रियेआधीच्या रुग्णांवर २००५ मध्ये झालेल्या अभ्यासात हे सूर ऐकणाऱ्यांची चिंता सुमारे २६ टक्क्यांनी उतरली. सूर वगळून तोच ऑडिओ ऐकणाऱ्यांची ११ टक्क्यांनी. २०१९ मध्ये २२ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातही चिंता, वेदना आणि स्मरणावर मध्यम परिणाम दिसला. पण ऑपरेशनआधीची धाकधूक कमी होणं आणि बारावीचे गुण वाढणं यांच्यात बरंच अंतर आहे.

‘दुष्परिणाम शून्य.’ रात्रभर मोठ्या आवाजात हेडफोन लावून झोपणाऱ्याच्या कानांचं काय, हा साधा प्रश्न बाजूला ठेवू. २०२३ मध्येच पोलंडमधल्या संशोधकांनी १००० जणांना घरी बसून बुद्धिमापनाची कोडी सोडवायला दिली. बायनॉरल ऐकत सोडवणाऱ्यांची कामगिरी सुधारली नाही, उलट घसरली. पेपरच्या आदल्या रात्री हा ऑडिओ पुढे ढकलणाऱ्या काका-मावश्यांनी निदान एवढं तरी त्याच मेसेजमध्ये जोडावं.