कंबरदुखीचं खापर त्या इंजेक्शनवर फोडणं बंद करा

गेल्या रविवारी रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन. आठवा संपत आलाय तिचा, बाळ अजून पायाळू आहे म्हणून डॉक्टरांनी सिझेरियनची मनाची तयारी ठेवा असं सांगितलंय. फोनवर रडत होती. "ताई, मी त्यांना सांगणार आहे, कमरेत इंजेक्शन नको, मला पूर्ण बेशुद्ध करा." कारण काय, तर मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज. तोच मेसेज सोमवारी मला ट्रेनच्या ग्रुपवर आला, मंगळवारी सोसायटीच्या.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सुरुवात "बाळंतिणींनो सावध व्हा" अशी. मग मुद्दे. सिझेरियनचं किंवा कळा कमी करायचं कमरेतलं इंजेक्शन घेतलं की मणका कायमचा कमजोर होतो, औषध मणक्यात साठून राहतं, म्हणून हल्लीच्या बायकांची कंबर जन्मभर दुखते. सव्वा महिना पलंग सोडायचा नाही. पोट साडीने गच्च आवळायचं, नाहीतर वारा शिरतो. मालीशवालीकडून कमरेची हाडं बसवून घ्यायची. डिंकाचे लाडू खाल्ले की सांध्यांत वंगण येतं. आणि एवढं करून दुखलंच तर ते बाळंतपणाचं दुखणं, त्याला औषध नाही, सहन करायचं.

आधी माझं सांगते. माझी दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, कमरेत एकही इंजेक्शन नाही. आणि पहिल्या मुलानंतर माझी कंबर पावणेदोन वर्षं दुखली. २६ आठवड्यांची रजा संपवून कामाला लागले तेव्हा विक्रोळी ते सीएसएमटी लोकलमध्ये तिघींच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धी टेकून जायचे आणि उतरताना कंबर सरळ व्हायला अख्खा प्लॅटफॉर्म लागायचा. माझ्या जावेचं सिझर झालं, कमरेत इंजेक्शन घेऊन, तिची कंबर दोन महिन्यांत ठणठणीत. आता दोन बायकांवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, म्हणून मोठ्या आकड्यांकडे येते.

कॉक्रेन नावाची संस्था जगभरातल्या चाचण्या गोळा करून त्यांचा एकत्र निष्कर्ष काढते. २०१८ मध्ये त्यांनी एपिड्युरलचा, म्हणजे कळा कमी करायला कमरेतून देतात त्या औषधाचा आढावा घेतला. ४० चाचण्या, ११ हजारांहून जास्त बायका. एका बाजूला एपिड्युरल घेतलेल्या, दुसऱ्या बाजूला दुसरं वेदनाशामक घेतलेल्या किंवा काहीच न घेतलेल्या. ज्या चाचण्यांत नंतरच्या कंबरदुखीची नोंद ठेवली होती त्यांत दोन्ही गटांमध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक दिसला नाही. म्हणजे इंजेक्शन न घेतलेल्यांचीही दुखते, घेतलेल्यांचीही दुखते. हा आढावा एपिड्युरलचा आहे, सिझेरियनला बहुतेक वेळा देतात ते स्पायनल, पण स्पायनलची सुई एपिड्युरलच्या सुईपेक्षा खूपच बारीक असते, जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि कमरेत काही ठेवून येत नाही. औषध दोन-चार तासांत उतरतं, म्हणून तर पाय परत हलायला लागतात. ते साठून राहत असतं तर पाय परत हलले असते का, एवढा साधा विचार मेसेज लिहिणाऱ्याने करायला नको?

आणि "मणका कमजोर होतो" म्हणजे नक्की काय होतं? सुई हाडात घुसवत नाहीत. दोन मणक्यांच्या मधल्या फटीतून जाते, म्हणून तर आपल्याला पाठ मांजरीसारखी वाकवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात, फटी उघडाव्यात म्हणून. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई टोचतात ती त्याच्या खाली, साधारण तिसऱ्या-चौथ्या मणक्यामध्ये. हे काही कालपरवा आलेलं नाही, १८९८ पासून माणसं अशी भूल घेतायत.

एक मान्य करते, कारण न करता पुढे गेले तर मावशी तेच धरून बसेल. टोचलेल्या जागी काही दिवस ठणकतं, हे खरं आहे. काहींना नंतर उठून बसलं की डोकं भयंकर दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, तेही होऊ शकतं, त्यावर उपाय आहे आणि लगेच डॉक्टरला सांगायचं. पण काही दिवसांचा ठणका म्हणजे जन्माची कंबर गेली असं नाही.

मला या मेसेजचा राग का येतोय ते सांगते. ऐकून सोडून देण्यासारखी गोष्ट असती तर मी सोडून दिली असती, पण माझी बहीण त्यावरून पूर्ण भूल मागायला निघालीय. गरोदरपणात पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, आंबट वर येतं, घशाला सूज असते, त्यामुळे बेशुद्ध करताना पोटातलं फुफ्फुसात जाण्याचा आणि श्वासनळीत नळी घालायला अडचण येण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो, शिवाय ते औषध बाळापर्यंतही पोचतं. म्हणून जगभर सिझेरियनला शक्यतो कमरेतूनच भूल देतात. कधीकधी पूर्ण भूलच द्यावी लागते, अगदी वेळ नसेल किंवा रक्ताच्या गोठण्याचा प्रॉब्लेम असेल तर, पण ते भूलतज्ज्ञ ठरवतात. कंबर दुखेल या खोट्या भीतीने एखादी बाई जास्त धोक्याची वाट मागून घेते आणि आपण हा मेसेज हात जोडलेल्या इमोजीसकट पुढे ढकलतो.

मग दुखतं कशाने? नऊ महिने पोट पुढे वाढतं, तोल पुढे जातो, कमरेला बाक येतो. रिलॅक्सिन नावाच्या हार्मोनने आणि बाकीच्या बदलांनी ओटीपोटाचे सांधे सैलावतात. पोटाचे स्नायू ताणले जातात, मधली जागा रुंद होते. सिझर असेल तर त्यावर टाक्यांची भर. म्हणजे कंबर सावरायला पुढून जो आधार असतो तोच ढिला, आणि नेमकं त्याच काळात आपण दिवसातून चाळीस वेळा वाकतो. पाजताना मान आणि पाठ वाकवून तासन् तास बसणं, पाटावर बसून पाय लांब करून बाळाला पायांवर अंघोळ घालणं, सकाळी पाणी येतं तेवढ्यात बादल्या भरणं, झोप नाही. ज्यांची कंबर गरोदरपणातच दुखत होती त्यांची नंतरही दुखण्याची शक्यता जास्त. माझी सातव्या महिन्यापासून दुखत होती. तेव्हा कुणी काय इंजेक्शन दिलं होतं?

सव्वा महिना पलंगावर. विश्रांती हवी याबद्दल वादच नाही, आणि आपल्या घरांत बाळंतिणीला चाळीस दिवस ओट्यापाशी उभं करत नाहीत ही चांगली गोष्ट आहे, ती टिकवा. पण विश्रांती वेगळी आणि पडून राहणं वेगळं. पडून राहिलं की स्नायू आणखी ढिले होतात आणि पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका बाळंतपणानंतर तसाही वाढलेला असतो. घरातल्या घरात चाला, थोडं थोडं वाढवा.

पोट आवळायचं. मऊ पट्ट्याने सिझरनंतर उठताना आधार वाटतो, खोकताना बरं पडतं, हे खरं. पण वारा वगैरे काही शिरत नाही. साडीने श्वास कोंडेपर्यंत आवळलं की दाब खाली जातो, आणि खालचे स्नायू आधीच थकलेले असतात. काम पट्ट्याने केलं तर पोटाचे स्नायू कधी करणार?

मालीश मलाही आवडायची, कोमट तेल, गरम पाणी, त्याने झोप लागते आणि तेवढंही त्या दिवसांत खूप असतं. पण हाडं जागची हललेली नसतात, त्यामुळे ती बसवायची नसतात. पाठीवर पाय देऊन उभं राहणारी बाई असेल तर तिला नम्रपणे चहा द्या आणि पाठ देऊ नका. डिंकाचे लाडू खा, पौष्टिक आहेत. सांध्यात वंगण जात नाही. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी डॉक्टरला विचारून घ्या, ते जास्त कामाचं.

आणि आता शेवटचा मुद्दा, "सहन करायचं". माझी पावणेदोन वर्षं याच एका वाक्याने गेली. आई म्हणाली असंच असतं, सासूबाई म्हणाल्या आमचीही दुखायची, आणि एका दवाखान्यात तर डॉक्टरांनी मान वर न करता होतंच असं म्हणून गोळ्या लिहून दिल्या. शेवटी ऑफिसमधल्या एका सिनियर मॅडमनी पालिकेच्या हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात पाठवलं. देशात फिजिओथेरपीचं शिक्षण रुजलं ते याच मुंबईत, परळच्या केईएममध्ये, १९५० च्या दशकात, आणि आपण मुंबईच्या बायका मालीशवालीचा नंबर ठेवतो पण फिजिओथेरपिस्टचा नाही.

तिथल्या बाईंनी मला पहिल्यांदा नीट तपासलं. काय शिकवलं ते साधं होतं. पाठीवर झोपून गुडघे वाकवून श्वास सोडत बेंबी आत ओढायची. त्याच अवस्थेत हळूहळू कंबर उचलायची आणि सावकाश खाली. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे आणि सोडायचे. पाजताना मांडीवर उशी घेऊन बाळाला छातीपाशी आणायचं, आपण बाळाकडे वाकायचं नाही. उचलताना एक गुडघा टेकून, बाळाला अंगाशी घेऊन मग उठायचं. अंघोळीचा टब जमिनीवरून टेबलावर आणायचा. आठ-दहा आठवड्यांनी फरक कळायला लागला, जादू नाही झाली, मध्येमध्ये परत दुखायचंही, पण चौथ्या सीटवरून उठताना हात टेकावा लागेनासा झाला. सिझर झालेल्यांनी कधी आणि किती सुरू करायचं ते डॉक्टरला विचारूनच.

"सहन करायचं" हे मला सगळ्यात घातक का वाटतं, त्याचं अजून एक कारण. ट्रेनच्या ग्रुपमधल्या एका मुलीची बाळ चार महिन्यांचं असताना पाठ दुखायला लागली, रात्री जास्त, संध्याकाळी कणकण, वजन उतरत चाललं. सगळ्यांनी सांगितलं सिझरचं इंजेक्शन आहे, जाईल. आम्ही पण सांगितलं, मी खोटं बोलणार नाही. एमआरआय काढला तेव्हा मणक्याचा टीबी निघाला. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत टीबी डोकं वर काढण्याचा धोका वाढतो, आणि हाडांच्या टीबीत मणक्याचाच सगळ्यात जास्त. सरकारी कार्यक्रमात औषधं फुकट मिळतात, तिने वर्षभराहून जास्त घेतली, आता बरी आहे. पण दोन महिने त्या इंजेक्शनच्या नावावर वाया गेले.

म्हणून पडल्या-झोपल्यावरही थांबत नाही असं दुखणं, ताप, वजन उतरणं, अचानक उठलेली असह्य कळ, पायात बधिरपणा किंवा ताकद जाणं, यातलं काहीही असेल तर डॉक्टरकडे जायचं. जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.

मावशीशी मी काल बोलले. ती चिडली, म्हणाली मी चांगल्यासाठीच टाकलं होतं गं. ते मला माहीत आहे. बहिणीला मी वहीत प्रश्न लिहून दिलेत: कुठली भूल देणार, का, आधीपासून दुखणारी कंबर त्यांना सांगायची, नंतर फिजिओथेरपी कधी सुरू करायची. शनिवारी साडेअकराला भूलतज्ज्ञांची वेळ घेतलीय, भांडुपहून ती, विक्रोळीहून मी, आणि मावशीलाही बरोबर नेतेय.