खरखर गेली, तानपुऱ्याचा गंधारही गेला

आकाशवाणीवरच्या शास्त्रीय संगीताच्या आवाजाचा दर्जा घसरला आणि त्याला वेळही पुरेसा मिळत नाही, असं मी म्हटलं होतं. त्यावर ‘मध्यम लहरींची (मीडियम वेव्हची) खरखर ऐकत वाढलेले लोक आता स्वच्छ एफएमलाही नावं ठेवतात. शास्त्रीय संगीताची वाहिनी ‘रागम्’ चोवीस तास चालू आहे, मग घसरण दिसली कुठे?’ असा तुमचा आक्षेप आहे. सोय वाढली हे खरंच. २६ जानेवारी २०१६ पासून ‘रागम्’ आहे. एफएमवर आवाज १५ किलोहर्ट्‌झपर्यंत पोचतो. मध्यम लहरींवर साध्या रेडिओत साडेचारच्या वर फारसं काही उरत नाही.

पण तानपुऱ्याचंच बघा. काळी एक या पट्टीचा षड्ज (सा) सुमारे १३९ हर्ट्‌झ, खर्जाची, म्हणजे खालच्या ‘सा’ची, तार त्याच्या निम्मी. घोडीवर दोरा नेमका बसून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, खुलली की त्या तारेतून गंधार (ग) आपोआप बोलतो, साधारण ३४६ हर्ट्‌झवर. म्हणजे तो मध्यम लहरींच्या आवाक्यात होता, खरखरीतूनही कानावर यायचा. मग स्वच्छ एफएमवर तो का हरवावा?

कारण प्रक्षेपकाच्या आधी बसलेला कॉम्प्रेसर, म्हणजे लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारं यंत्र. जाहिरात आणि चित्रपटगीत सारख्याच जोरात वाजावं म्हणून तो घट्ट लावतात, आणि तीच मांडणी ख्यालालाही चालू राहिली की घोटाळा होतो. गायक श्वासाला थांबला की यंत्र पातळी वर ओढतं आणि तानपुरा फुगतो. डग्गा घुमला की तोच तानपुरा दबतो. मंद्रातला, खालच्या सप्तकातला, हळुवार आलाप आणि तार षड्ज एकाच उंचीचे होऊन बसतात. हेडफोन लावा आणि विलंबिताची, म्हणजे संथ ख्यालाची, पहिली दोन आवर्तनं (तालाचे फेरे) फक्त तानपुऱ्याकडे कान द्या. तो श्वास घेतल्यासारखा वरखाली होत असेल तर दोष तिथेच आहे.

उपाय बिनखर्चाचा आहे. शास्त्रीय संगीताच्या वेळेसाठी वेगळी मांडणी साठवून ठेवायची: दाबण्याचं प्रमाण २:१ च्या पुढे नाही, दाब ३ डेसिबलपर्यंत, दाब सोडण्याचा वेळ काही सेकंदांचा, आणि विरामात पातळी गोठलेली. आवाजाच्या शिखरांना मर्यादा घालणारा लिमिटर मात्र काढायचा नाही. एफएमला ७५ किलोहर्ट्‌झ विचलनाची (लहरीची वारंवारता किती हलावी याची) मर्यादा पाळावीच लागते.

वेळेचा मुद्दा तुम्ही ‘नॉस्टॅल्जिया’ म्हणून सोडून दिलात, ते मला पटत नाही. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभराचं असतं. दहा मिनिटांत दहाच आवर्तनं! १९५२ साली सुरू झालेल्या आकाशवाणीच्या राष्ट्रीय संगीत कार्यक्रमाला दीड तास दिला होता, कारण रागाला तेवढा लागतो. आणि द्रुत (जलद) ख्याल रंगात असताना, तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तुकडा, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) यायच्या आत आवाज उतरवणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. रेकॉर्डिंग वेळेच्या मापाने निवडता येतं, कापायची गरज नसते.

जुन्या फितींचं म्हणाल, तर वेग एक टक्का चुकला तरी षड्ज १७ सेंट सरकतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). ॲपसाठी एमपी३ची पुन्हा एमपी३ केली की झंकार खरवडला जातो. आकाशवाणी केंद्राला कळवताना नुसतं ‘आवाज खराब’ लिहू नका. तारीख, राग, कितव्या मिनिटाला काय ऐकू आलं, एफएमवर की ॲपवर, एवढं लिहा. अभियंत्याला दुवा त्यातूनच सापडतो.