शरणपूर रोड ते मोंबासा
रिटायर झाल्यावर मिशनच्या सेवेला परदेशी जाणाऱ्या जोडप्यांबद्दल वाचलं आणि आमचे मामा-मामीच डोळ्यासमोर आले, नाशिकच्या शरणपूर रोडचे, पासष्टीनंतर दोन वर्षं केनियातल्या मोंबासाला राहिले. सकाळी मामी मुलींना शिवण शिकवायची, मामा हिशोब बघायचे, दुपारी घामाघूम होऊन चहा आणि इथून नेलेला कोंडाजी चिवडा पुरवून पुरवून. सुट्टीत तिथला फोर्ट जीझस किल्ला बघितला, पण मामांचा जीव अडकला जवळच्या फ्रेरटाऊनच्या, म्हणजे मुक्त गुलामांसाठी वसवलेल्या वस्तीच्या घंटेत, कारण गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुलं आपल्या शरणपुरात शिकली आणि त्यातलीच काही १८७५ च्या सुमारास तिकडे जाऊन वसली. नाशकात हे कोणी सांगतच नाही, फार वाईट वाटतं. मामी म्हणते, घंटेखाली टोपी काढून ते कितीतरी वेळ नुसते उभे होते.