आलेखाच्या आधीचं काम

डेटा पत्रकारितेवरच्या, म्हणजे आकडेवारीतून बातमी शोधण्यावरच्या, तुमच्या लेखात परस्परसंवादी नकाशे आणि आलेखांचं कौतुक आहे, ते रास्तच. पण त्याआधीच्या किचकट कामाला दोन ओळी तरी हव्या होत्या. अमेरिकेतल्या १९६७ च्या डेट्रॉइट दंगलीनंतर पत्रकार फिलिप मेयर यांनी रहिवाशांच्या सर्वेक्षणाचं संगणकावर विश्लेषण केलं. दंगलीत शिक्षण अर्धवट सुटलेलेच असणार, असा समज होता. आकड्यांतून दिसलं की कॉलेजात गेलेलेही तितक्याच प्रमाणात सामील होते. केवढी मोठी बातमी! पनामा पेपर्सच्या, म्हणजे परदेशी कंपन्यांआड दडवलेल्या पैशांबद्दलच्या फुटलेल्या कागदपत्रांच्या वेळीही (२०१६) सुमारे १ कोटी १५ लाख कागदपत्रं आधी शोधण्याजोगी करावी लागली, मगच कंपन्या आणि माणसांमधले धागे हाती लागले.

शिवाय नकाशा दिशाभूलही करतो. निवडणुकीचे निकाल क्षेत्रफळावर रंगवले की विरळ वस्तीचे मोठे मतदारसंघ डोळ्यांत भरतात आणि लाखो मतदारांची शहरं ठिपक्याएवढी उरतात. स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्याऐवजी मधूनच सुरू केला तर किरकोळ वाढही प्रचंड भासते.

म्हणून प्रत्येक आलेखाखाली मूळ डेटा आणि त्यातून काय वगळलं याची नोंद द्यायलाच हवी. फाइव्हथर्टीएट ही आकडेवारीवर आधारित बातम्या देणारी अमेरिकी वेबसाइट आपल्या अनेक बातम्यांचा डेटा गिटहब या कोड आणि फाइली खुल्या ठेवण्याच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवत असे. इतरांनाही ते सहज जमेल.