नोटेवरच्या गणपतीने रुपिया वाचवला नाही

‘८७ टक्के मुस्लिम असलेल्या इंडोनेशियाने नोटेवर गणपती छापला, तेव्हापासून त्यांचं चलन कधीच घसरलं नाही. तिथले लोक स्वतःला रामाचे वंशज मानतात, म्हणून तिथे दंगली होत नाहीत. विमान कंपनीचं नावही गरुड! आपल्यालाच लाज वाटते. पुढे पाठवा.’

नोटेच्या फोटोसकट हा मजकूर दर गणपतीत फिरतो. आजवर डिलीट करून गप्प बसायचो. यंदा मामांनी तो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि दहावीतल्या भाचीने जसाच्या तसा शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ठोकून दिला. वर बक्षीसही आणलं. मामा, राग मानू नका, पण आता ऐकाच.

नोट खरी आहे. वीस हजार रुपियांची, १९९८ची. गंमत त्या सालातच आहे. १९९७च्या मध्यावर एक डॉलर साधारण २,४०० रुपियांना पडायचा. जुलैत थायलंडचा बाट कोसळला, ऑगस्टमध्ये इंडोनेशियाने आपलं चलन रुपिया सावरून धरणं सोडलं, त्याचा भाव बाजाराच्या हवाली केला आणि जून १९९८मध्ये डॉलर १६,०००च्या वर गेला. म्हणजे बाप्पा नोटेवर आले त्याच वर्षी चलनाचा पार भुगा झाला. महागाई ७५ टक्क्यांच्या पुढे गेली, अर्थव्यवस्था सुमारे १३ टक्क्यांनी आकसली. याला ‘कधीच घसरलं नाही’ म्हणायचं?

वर्ष संपेपर्यंत डॉलर आठ हजारांच्या आसपास उतरला, हे मान्य. पण त्यासाठी मध्यवर्ती बँकेने व्याजदर ७० टक्क्यांपर्यंत नेले होते, नाणेनिधीचं कर्ज होतं आणि मुख्य म्हणजे बत्तीस वर्षं सत्तेला चिकटलेले राष्ट्राध्यक्ष सुहार्तो मे महिन्यात गेले होते. मुळात चलन पडण्याची कारणंही तिथलीच. कंपन्यांनी कर्जं डॉलरमध्ये काढलेली, कमाई रुपियात. बँका कोणाच्या, तर राज्यकर्त्यांच्या गोतावळ्याच्या. नोव्हेंबर १९९७मध्ये सोळा बँकांना टाळं लागलं, त्यात सुहार्तोंच्या मुलाचीही एक होती. हे निस्तरायला वर्षानुवर्षं लागली. आणि त्याच साली निघालेल्या दहा हजारांच्या नोटेवर आचे प्रांतात डच वसाहतवाल्यांशी लढलेली एक मुस्लिम वीरांगना होती. वीस हजारांची नोट गणपतीने सावरली, तर दहा हजारांची कोणी?

आता सगळ्यात महत्त्वाचं. ती नोट बंद होऊन जमाना झाला. बँक इंडोनेशियाने ३१ डिसेंबर २००८ रोजी ती चलनातून काढली आणि बदलून घ्यायला २०१८च्या अखेरीपर्यंत मुदत दिली. ही त्यांच्या रिझर्व्ह बँकेची अधिकृत घोषणा आहे, कोणाचं मत नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये अरविंद केजरीवालांनी भारतीय नोटांवर लक्ष्मी-गणपती छापा म्हणताना याच नोटेचा दाखला दिला, तेव्हा ती रद्द होऊन जवळजवळ चौदा वर्षं झाली होती. आज डॉलरला पंधरा-सोळा हजारांहून कमी रुपिया पडत नाहीत. याला स्थिर चलन म्हणायचं, तर आपला रुपया पोलादी आहे.

चलनाचं एक वेळ सोडा. ‘दंगली होत नाहीत’ हे वाक्य मात्र वाचवत नाही. १९६५-६६मध्ये कम्युनिस्ट ठरवून किमान पाच लाख माणसं मारली गेली. लष्कराने याद्या पुरवल्या, मारायला गावातलेच तरुण पुढे झाले. हिंदूबहुल बालीत साधारण ८०,००० बळी गेले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तिथे मारणारेही बहुतेक बालीचेच आणि मरणारेही. त्याच गणपतीच्या नोटेच्या वर्षी, १२ मे १९९८ला, जाकार्तात त्रिसक्ती विद्यापीठाचे चार विद्यार्थी गोळीबारात गेले. पुढच्या दोन-तीन दिवसांत हजारावर माणसं मेली, कितीतरी जण पेटलेल्या मॉलमध्ये अडकून. चिनी वंशाच्या लोकांची दुकानं, घरं जाळली, बायकांवर बलात्कार झाले. हे सरकारनेच नेमलेल्या सत्यशोधन समितीने नोंदवलंय. चिनी सण उघड्यावर साजरे करायला १९६७पासून बंदी होती, ती राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी २०००मध्ये उठवली. आणि हे सगळं पुसून आपण पोरांना सांगणार, की बघा, रामायण वाचतात म्हणून किती गुण्यागोविंदाने राहतात!

गरुडाचं खरं आहे. राष्ट्रचिन्हात गरुड आहे, विमान कंपनी गरुडा आहे, बांडुंगच्या तंत्रशिक्षण संस्थेच्या बोधचिन्हात गणपती आहे, जावातले मुसलमान रामायण-महाभारतावरचे छायानाट्याचे खेळ रात्र-रात्र बघतात. हा वारसा ते आपलाच समजतात, म्हणून मिरवतात. आपल्याला खिजवायला नव्हे. ‘रामाचे वंशज’ हा मसाला मात्र आपल्याकडच्या कोणीतरी घातलेला.

बरं, त्या नोटेवर गणपतीशेजारी जो माणूस आहे त्याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. त्यांचं नाव ‘की हाजर देवांतरा’. १९१३मध्ये डच सरकार फ्रेंचांपासून स्वतःच्या सुटकेची शताब्दी साजरी करत होतं आणि त्यासाठी वर्गणी गुलाम जावाकडूनही गोळा होत होती. यांनी लेख लिहिला, ‘मी डच असतो तर’. मी डच असतो, तर ज्यांचं स्वातंत्र्य आपण हिरावलंय त्यांच्याच घरात आपल्या स्वातंत्र्याचा सोहळा केला नसता, असा त्याचा रोख. शिक्षा म्हणून हद्दपार झाले, परतल्यावर १९२२मध्ये योग्यकार्तात ‘तामन सिस्वा’ शाळा काढली आणि पुढे स्वतंत्र देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले. नोटेच्या मागच्या बाजूला शाळेचा वर्ग आहे. गणपती तिथे विद्येची देवता म्हणून होता, डॉलरशी त्याचा काही संबंध नव्हता. भाचीने पुढच्या भाषणात देवांतरांवर बोलावं. लेख मी शोधून देतो.