रॉक बँडच्या अनधिकृत टेपा जमवणे ही चोरी नव्हे

रॉक बँडच्या कार्यक्रमांची अनधिकृत रेकॉर्डिंग जमवणाऱ्यांविषयी एक मत सर्रास मांडले जाते आणि तितक्याच सहजपणे पुढे पाठवले जाते. थोडक्यात ते असे: हा संग्रह म्हणजे कलावंताच्या कमाईवर डल्ला आहे, त्या टेपांमध्ये खरखरीपलीकडे काही ऐकू येत नाही, तीच ती गाणी पुन्हा पुन्हा ऐकण्यात अर्थ नाही, आणि जपण्याजोगे जे काही असते ते बँड व त्यांच्या कंपन्या जपतातच. हे चारही आक्षेप मला चुकीचे वाटतात. त्यांतल्या पहिल्याला मात्र थोडा आधार आहे, म्हणून त्याचा विचार जास्त काळजीने करायला हवा.

चोरीचा आरोप करताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. ऑकलंड येथे 9 नोव्हेंबर 1969 रोजी झालेल्या रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमाचे रेकॉर्डिंग परस्पर छापून तबकडीच्या रूपात विकले गेले. बँडला त्यातून काहीही मिळाले नाही. असा धंदा निषेधार्हच आहे आणि कोणताही प्रामाणिक संग्राहक त्याचे समर्थन करणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पैशाचा व्यवहार न करता टेपेच्या बदल्यात टेप देण्याची प्रथा. ग्रेटफुल डेड या बँडने ऑक्टोबर 1984 पासून रेकॉर्डिंग करणाऱ्या श्रोत्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच ठेवायला सुरुवात केली. अट एकच होती, ती म्हणजे या रेकॉर्डिंगचा व्यापार करायचा नाही. कमाई बुडते हा तर्क अटळ असता, तर या बँडचे दौरे ओस पडायला हवे होते. प्रत्यक्षात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दौऱ्यांतून सर्वाधिक कमाई करणाऱ्या बँडमध्ये त्याची गणना होत होती. टेपांमुळेच गर्दी वाढली असे मी म्हणणार नाही, कारण ते सिद्ध करणे अवघड आहे. पण टेपांमुळे गर्दी घटली नाही, एवढे निश्चित. पुढे 2000 साली पर्ल जॅमने आपल्या दौऱ्यातील कार्यक्रमांची रेकॉर्डिंग स्वतःच विक्रीला आणली, तेव्हा अशा रेकॉर्डिंगसाठी मुद्दाम पैसे मोजणारे श्रोते आहेत हेही दिसून आले.

कायद्याचा मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही. कलावंताच्या संमतीविना त्याच्या सादरीकरणाचे रेकॉर्डिंग करण्यावर अनेक देशांत बंधन आहे, आणि पैसे घेतले नाहीत एवढ्याने प्रत्येक ठिकाणी सुटका होत नाही. म्हणून ज्या बँडने स्पष्ट नकार दिला आहे त्याच्या नकाराचा मान राखावा, आणि एखादा कार्यक्रम अधिकृतपणे प्रसिद्ध झाला की त्याची अनधिकृत प्रत देवाणघेवाणीतून काढून घ्यावी, हे दोन्ही संकेत मला बंधनकारक वाटतात. ग्रेटफुल डेडच्या चाहत्यांमध्ये यांतला दुसरा संकेत चांगलाच रुजलेला आहे.

खरखरीचा आक्षेप जुन्या अनुभवावर उभा आहे. कॅसेटवरून कॅसेट करताना प्रत्येक पिढीत हिस, म्हणजे टेपेची सळसळ, वाढत जाई, वरचे सूर बोथट होत आणि टेप-डेकच्या वेगातील फरकामुळे संपूर्ण कार्यक्रम पाव सुराने वर-खाली सरके. सातव्या-आठव्या प्रतीवरून ज्याने मत बनवले, त्याचे मत तसेच होणार. परंतु गंभीर संग्राहकांची सगळी धडपड नेमकी याच्याविरुद्ध असते. मूळ टेपेच्या शक्य तितक्या जवळची प्रत शोधणे, वेग दुरुस्त करणे, फाईल एमपीथ्रीमध्ये न दाबता आवाजातले काहीही न गाळणाऱ्या फ्लॅकसारख्या स्वरूपात ठेवणे, आणि कोणता मायक्रोफोन, कोणता रेकॉर्डर, कितवी प्रत ही सगळी वंशावळ सोबतच्या टिपणात नोंदवणे, हे तिथले रोजचे काम आहे. फाईलमध्ये एका बिटाचाही फरक पडला तर कळावा म्हणून चेकसम, म्हणजे फाईलवरून काढलेला पडताळणीचा आकडा, जोडला जातो.

शिवाय साउंडबोर्डवरून, म्हणजे रंगमंचावरचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रावरून, घेतलेले रेकॉर्डिंग नेहमीच चांगले आणि श्रोत्यांमध्ये बसून केलेले नेहमीच वाईट, हा समजही तपासून पाहावा. छोट्या सभागृहात ड्रम आणि गिटारचे अँप्लिफायर मुळातच इतके मोठे वाजतात की ध्वनितंत्रज्ञ त्यांना मुख्य स्पीकरमधून फारसे देत नाही. परिणामी साउंडबोर्डवरच्या टेपेत गायकाचा आवाज अवाजवी पुढे येतो आणि गिटार शेजारच्या खोलीत वाजत असल्यासारखी ऐकू येते. त्याच रात्री सभागृहाच्या मध्यभागी, चांगल्या मायक्रोफोनांच्या जोडीने केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तोल बरोबर असतो, जागेचा घुमारा असतो, आणि ओळखीच्या गाण्याची पहिली सुरावट उमटताच गर्दीने घेतलेला श्वासही असतो. मला स्वतःला अशीच रेकॉर्डिंग अधिक जवळची वाटतात.

तीच ती गाणी, हा आक्षेप घेणाऱ्याने पिंक फ्लॉइडचा 1972 चा दौरा ऐकावा. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम मार्च 1973 मध्ये आला, पण त्यातील संपूर्ण रचना बँड जानेवारी 1972 पासून रंगमंचावर वाजवत होता. त्या काळच्या टेपांमध्ये अल्बममधील ‘ऑन द रन’ या भागाच्या जागी सिंथेसायझरचा मागमूस नसलेला गिटार आणि कीबोर्डचा वाद्यमेळ आहे, आणि पुढे गायिका क्लेअर टॉरीच्या शब्दहीन गायनाने प्रसिद्ध झालेल्या भागात ऑर्गनच्या सुरांवर धार्मिक मजकुराचे वाचन आहे. तसेच ‘अ‍ॅनिमल्स’ (1977) मधील दोन दीर्घ गाणी 1974 सालीच वेगळ्या नावांनी आणि वेगळ्या शब्दांनी सादर होत होती. तयार अल्बम आपल्याला निर्णय ऐकवतो. तो निर्णय होण्यापूर्वी काय काय करून पाहिले गेले, ते या टेपांमध्ये राहिले आहे.

जपण्याजोगे ते कंपन्या जपतातच, हा शेवटचा आक्षेप तर इतिहासाच्या थेट विरुद्ध जातो. 1 जून 2008 रोजी कॅलिफोर्नियात युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत युनिव्हर्सल म्युझिक या कंपनीच्या मूळ टेपांचा साठा जळाला. ग्रेटफुल डेडच्या ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांनी केलेल्या टेपा भाड्याच्या गोदामातील सामानाबरोबर 1986 मध्ये लिलावात निघाल्या, आणि त्या विकत घेणाऱ्यांमुळे वाचल्या. याच बँडचा कॉर्नेल विद्यापीठातील 8 मे 1977 चा कार्यक्रम संग्राहकांच्या हातांतून फिरत राहिला, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याला राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत स्थान दिले, आणि त्याची अधिकृत आवृत्ती निघाली ती त्यानंतर, 2017 मध्ये. याच बँडच्या टेपांचा भांडार सांभाळण्याचे काम डिक लॅटवाला यांच्याकडे आले, ते मुळात टेपा जमवणारे चाहतेच होते. पिंक फ्लॉइडने 2025 मध्ये ‘विश यू वेअर हिअर’ची पन्नासाव्या वर्षाची आवृत्ती काढली, तेव्हा लॉस एंजेलिसमधील 26 एप्रिल 1975 च्या कार्यक्रमासाठी एका श्रोत्याने प्रेक्षागारात केलेलेच रेकॉर्डिंग स्वच्छ करून वापरले.

व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडची गोष्ट याहून जुनी आहे. 1969 मधील त्यांचे कितीतरी तासांचे वादन रॉबर्ट क्वाइन या चाहत्याने टेप केले होते आणि त्यातील निवडक भाग 2001 मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. 23 ऑगस्ट 1970 रोजी न्यूयॉर्कच्या मॅक्सेस कॅन्सस सिटी या क्लबमध्ये ब्रिजिड बर्लिन यांनी टेबलावर ठेवलेल्या साध्या कॅसेट-रेकॉर्डरवर बँडला टेप केले. गाण्यांच्या मध्ये आसपासच्या लोकांचे बोलणे त्यात स्पष्ट ऐकू येते. त्याच रात्री बँडचा गायक लू रीड बँड सोडून गेला, आणि दोन वर्षांनी ती कॅसेट अल्बम म्हणून बाजारात आली.