वडिलांचं कार्ड आणि वसुलीवाल्यांचे फोन
एका लेखात म्हटलंय की वडील वारल्यावर त्यांच्या क्रेडिट कार्डाची थकबाकी मुलांनी भरायची गरज नाही. बरोबर, पण अर्धंच. बाबांच्या मागे एफडी, शेअर, फ्लॅट असं काही असेल तर त्या मिळकतीपुरतं देणं लागतंच. स्वतःच्या पगारातून मात्र नाही. बापाचं कर्ज मुलानं फेडायचं हा हिंदू कायद्यातला जुना दंडक २००५ च्या दुरुस्तीने त्यापुढच्या कर्जांपुरता संपला. वसुलीवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं, तरी आमच्याकडे तेराव्याच्या आधीच फोन सुरू! "थोडे तरी भरा हो, वडिलांच्या नावाला बट्टा लागेल." आवाज अगदी घरच्यासारखा. अशा वेळी दोन-पाच हजार भरून सुटका करून घ्यायचा मोह होतो, पण पैसे भरू नका आणि कशावर सही तर मुळीच नको. मृत्यूचा दाखला जोडून बँकेला लेखी कळवा, शिक्क्याची पोच घ्या. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तीही फुकट. आणि आईकडे बाबांच्याच कार्डखात्यावरचं अ‍ॅड-ऑन, म्हणजे जोडकार्ड असेल तर ते आधी कपाटात ठेवा, वापरू नका.